‘चावला नाही, नुसता दात लागला’

सातारा जिल्ह्यातील एका गावातून पुण्याला आलेली चोवीस वर्षांची एक तरुणी दीड वर्षापासून पाळीव प्राण्यांच्या ग्रूमिंग पार्लरमध्ये काम करते. तीन आठवड्यांपूर्वी, गर्दीच्या एका शनिवारी, नेहमी येणाऱ्या एका कॉकर स्पॅनिएलचे कान साफ करत असताना तो तिच्या उजव्या हाताला, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या भागात चावला. रक्त आले. पार्लरच्या मालकीणबाईंनी जखमेवर मलम लावले आणि कुत्र्याच्या घरी फोन केला. ‘त्याची सगळी इंजेक्शने झाली आहेत’ असे तिकडून उत्तर आल्यावर रेबीजच्या लशीची गरज नाही असे सांगून त्यांनी तिला धनुर्वाताचे इंजेक्शन तेवढे घेऊन यायला पाठवले. ग्राहकाला त्यांनी ‘चावला नाही हो, नुसता दात लागला’ असे सांगितले. हात सुजल्यामुळे ती दोन दिवस कामावर गेली नाही आणि त्या दोन दिवसांचा पगार कापला गेला. जखम आता भरली आहे, पण अंगठा पूर्ण वळत नाही आणि कोणत्याही कुत्र्याच्या कानाला हात लावताना तिचा हात थरथरतो. घरी तिने यातले काहीच सांगितलेले नाही. तोच कुत्रा पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे आणि ‘तो तुला ओळखतो, तूच कर’ असे मालकीणबाईंचे म्हणणे आहे. नोकरी सोडावी का, त्या कुत्र्याला नाही म्हणावे का, असे तिने विचारले आहे. पत्राच्या शेवटी ती लिहिते: ‘माझे कुत्र्यांवर मनापासून प्रेम आहे. मग तो मला का चावला? माझ्यातच काही कमी आहे का?’

प्रिय मैत्रिणीस,

तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी मी तुम्हाला थोडक्यात निरोप पाठवला होता, कारण पत्रातला एक भाग सदराच्या वारापर्यंत थांबण्यासारखा नव्हता. त्याप्रमाणे तुम्ही दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलात, तो कुत्रा आजही खातो-पितो, खेळतो आहे याची त्याच्या घरच्यांकडून खात्री करून घेतलीत आणि मला उलट कळवलेत, याबद्दल मी तुमची आभारी आहे. ती घाईची गोष्ट मार्गी लागल्यामुळे आता बाकीच्या प्रश्नांकडे सावकाश पाहता येईल. तरीही सुरुवात मी जखमेपासूनच करते, कारण पार्लरमध्ये, मालक बाहेरगावी असताना कुत्री सांभाळणाऱ्या बोर्डिंगमध्ये, पशुवैद्यकाच्या दवाखान्यात किंवा लोकांची कुत्री फिरवण्याचे काम करणाऱ्या पुष्कळ मुलामुलींना पहिल्या तासात जे करायचे असते तेच कोणी सांगितलेले नसते.

कुत्रा चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवायची असते. पंधरा मिनिटे म्हणजे किती, हे घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही. मी माझ्या दवाखान्यात नवीन मदतनिसांना हात नळाखाली धरून उभे करीत असे आणि घड्याळाकडे पाहायला सांगत असे. बहुतेक सगळे तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच ‘झालं ना मॅडम?’ म्हणून नळ बंद करायला जात. रेबीजचा विषाणू साबणाने निकामी होतो आणि जखमेतून धुऊन निघतो, त्यामुळे हे धुणे हाच उपचाराचा पहिला आणि मोठा भाग आहे. त्यानंतर जंतुनाशक औषध लावावे. हळद, चुना, तिखट, तेल यांतले काहीही जखमेत भरू नये, घट्ट पट्टी बांधू नये आणि टाके शक्यतो घालू नयेत. घालावेच लागले तर कधी, हे डॉक्टर ठरवतील. तुमच्या हातावर मलम लावले गेले, पण नळ उघडला गेला की नाही, याचा पत्रात उल्लेख नाही. माझा अंदाज आहे की तो उघडला गेला नसावा.

आता ‘त्याची सगळी इंजेक्शने झाली आहेत’ या वाक्याबद्दल. तीस वर्षांच्या पशुवैद्यकीय कामात मी हे वाक्य किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही, आणि ते म्हणणारी माणसे खोटे बोलत नसतात. पिल्लूपणी दिलेल्या सेव्हन-इन-वन लशीचे डोस त्यांना आठवत असतात. रेबीजची लस वेगळी असते, तिचा पुढचा डोस दरवर्षी द्यावा लागतो आणि नेमका तोच राहून गेलेला असतो, हे त्यांच्या लक्षात नसते. म्हणून फोनवरच्या उत्तरावर विसंबू नये, लसीकरणाची पुस्तिका मागून तारीख, लशीचे चिकटवलेले लेबल आणि पशुवैद्यकाची सही पाहावी. आणि ती पुस्तिका अगदी व्यवस्थित असली तरीसुद्धा माणसाचा उपचार तिच्यावर ठरत नाही. कातडी फुटून रक्त आले की ती जखम तिसऱ्या श्रेणीची धरली जाते. तिला लस तर लागतेच, शिवाय जखमेत आणि तिच्याभोवती टोचायचे औषध, ज्याला दवाखान्यात सिरम म्हणतात, तेही लागते. रक्त न येता नुसते ओरखडले असेल तर लस लागते. धडधाकट कातडीला कुत्र्याने चाटले असेल तर काही लागत नाही. ‘दात लागला’ अशी कोणतीही श्रेणी वैद्यकशास्त्रात नाही.

चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांखाली ठेवतात ते यासाठी की चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असेल तर तेवढ्या काळात तो आजारी पडून मरतो. तुमचा कॉकर तीन आठवड्यांनंतरही ठणठणीत आहे, त्यामुळे त्या चाव्यातून तुम्हाला रेबीज होण्याची भीती उरलेली नाही. रात्री झोप उडवणारा तो विचार तुम्ही आता सोडून द्यावा. परंतु हे वाचणाऱ्या इतरांनी यातून ‘दहा दिवस थांबून बघू’ असा अर्थ कृपा करून काढू नये. उपचार चावल्याच्या दिवशीच सुरू करायचे आणि कुत्र्यावर नजरही ठेवायची, या दोन्ही गोष्टी बरोबरीने चालतात. कुत्रा दहा दिवसांनी धड निघाला तर उरलेल्या डोसांचे काय करायचे ते डॉक्टर सांगतात. उशीर झाला असेल तरी, अगदी आठवडे उलटले असतील तरी, जावेच. एकदा लक्षणे दिसू लागली की या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर तो टळतो. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांत ही लस विनामूल्य मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती आईवडिलांच्या पिढीची आहे. ती जुनी लस २००४-०५ च्या सुमारास आपल्या देशातून गेली. आता दंडाच्या कातडीत चार वेळा, म्हणजे पहिल्या दिवशी आणि तिथून तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी, किंवा दंडाच्या स्नायूत पाच वेळा, एवढाच त्रास असतो.

तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला यापुढच्या संरक्षणासाठी तीन डोस सुचवले, पहिल्या दिवशी आणि तिथून सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी, याचा मला विशेष आनंद झाला. हे डोस चावण्याआधी घेण्याचे असतात आणि ज्यांचा रोजचा व्यवहार कुत्र्यामांजरांच्या दातांजवळ चालतो अशा प्रत्येकाने ते घेतलेले असावेत. आम्ही परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो तेव्हा आम्हाला ते कळले, पण आमच्याच शेजारी उभा राहून कुत्रा धरणाऱ्या मदतनिसाला ते माहीत नसे. हा कोर्स पूर्ण झालेल्या माणसाला पुढे कधी कुत्रा चावलाच तर जखम धुऊन दोनच डोस, पहिल्या दिवशी आणि तिथून तिसऱ्या दिवशी, घ्यावे लागतात. सिरम लागत नाही. या तीन डोसांचा खर्च पार्लरने करावा असे माझे स्पष्ट मत आहे. कातरी आणि ड्रायर जसा कामाचा खर्च, तसाच हाही कामाचा खर्च आहे.

अंगठ्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. लोकांना कुत्र्याच्या चाव्यात रेबीज तेवढा दिसतो. हाताची कातडी पातळ, तिच्या लगेच खाली सांधे आणि शिरा-स्नायूंचे दोर, आणि कुत्र्याचा सुळा म्हणजे अणकुचीदार सुई; बाहेरचे छिद्र दोन दिवसांत मिटते आणि तोंडातले जंतू आत राहतात. चाव्यानंतर एका दिवसातच हात लाल होणे, ठणकणे, सूज मनगटाकडे चढणे, बोट हलवताना कळ येणे, ताप भरणे यांपैकी काहीही दिसले तर तो तातडीचा आजार समजावा. तुमचा हात तेव्हा सुजला होता आणि तीन आठवड्यांनंतरही अंगठा वळत नाही, म्हणजे आत काहीतरी राहिले आहे. अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना तो याच आठवड्यात दाखवा. ज्या अंगठ्यावर तुमची कातरी चालते, त्याच्याबाबत ‘होईल बरा’ म्हणून चालणार नाही.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळते, कारण मला वाटते की बाकीचे सगळे प्रश्न त्यातूनच आले आहेत. ‘माझे प्रेम आहे, मग तो मला का चावला?’ या प्रश्नात असे गृहीत धरलेले आहे की प्रेम करणाऱ्याला कुत्रा चावत नाही. आणि एकदा हे धरले की चावा बसलेल्या माणसाच्या प्रेमात खोट होती, असा निष्कर्ष आपोआप येतो. तुमच्या गावी कोणाच्या ना कोणाच्या गोठ्यात म्हैस असेलच. रोज शांतपणे धार देणारी म्हैस एके दिवशी लाथ मारते आणि चरवी उपडी होते, तेव्हा घरातली जाणती बाई धार काढणाऱ्या सुनेला ‘तुझी माया कमी पडली’ असे म्हणत नाही. ती म्हणते, ‘सड बघ गं, दुखतोय वाटतं.’ आणि बहुतेक वेळा सड सुजलेलाच असतो.

तुम्ही स्वतःच लिहिले आहे की त्या दिवशी कानातून तपकिरी मळ निघत होता, त्याला वास येत होता आणि कुत्रा सकाळपासून डोके झटकत होता. कॉकर स्पॅनिएलचे कान लांब, लोंबते आणि केसाळ. आत हवा खेळत नाही, पुण्याच्या पावसाळ्यात तर नाहीच, आणि म्हणून या जातीला कानाचा दाह वारंवार होतो. सुजलेल्या कानात कापसाचा बोळा फिरवला तर कसे वाटत असेल, याची कल्पना ज्याचा कान कधी फुटला आहे त्याला सांगायला नको. तो कुत्रा तुम्हाला चावला म्हणण्यापेक्षा त्याच्या दुखऱ्या कानापर्यंत आलेल्या हाताला चावला, असे मी म्हणेन. हात तुमचा होता, कारण काम तुमच्याकडे होते.

‘तो गप्प उभा होता, काही कळायच्या आत चावला’ असेही तुम्ही लिहिले आहे. या ‘गप्प’ शब्दापाशी थोडे थांबू या. टेबलावर सैल अंगाने, तोंड किंचित उघडे ठेवून, धापत उभा असलेला कुत्रा आणि तोंड मिटून, अंग ताठ करून, श्वास धरल्यासारखा उभा असलेला कुत्रा, हे दोघेही आपल्याला गप्पच दिसतात. पहिला निवांत असतो, दुसऱ्याने बाकीचे सगळे उपाय करून पाहिलेले असतात. त्याआधी त्याने तोंड वळवलेले असते, झोप आलेली नसताना जांभई दिलेली असते, पुन्हा पुन्हा नाक चाटलेले असते, मान न वळवता डोळ्यांच्या कडेने तुमच्या हाताकडे पाहिलेले असते, आणि त्या वेळी बुबुळाच्या बाजूने पांढऱ्याची कोर दिसलेली असते. तुम्ही त्या शनिवारचे चित्र शांतपणे डोळ्यांसमोर आणा; यांतल्या एकदोन खुणा तुम्हाला आता आठवतील. त्या खुणांना नावे आहेत आणि अर्थ आहे, हे कोणी शिकवले नव्हते म्हणून त्या निसटल्या. शिवाय अनेक पार्लरांत गुरगुरणाऱ्या कुत्र्याला दटावून गप्प करायची पद्धत आहे. गुरगुरणे ही त्याने दिलेली शेवटची ताकीद असते. ती दाबून टाकली की पुढच्या खेपेला तो ताकीद न देताच चावतो. कुत्रा गुरगुरला की हात मागे घ्यावा आणि काय दुखते आहे ते शोधावे.

यात तुमची चूक किती? त्या कानाचा वास आल्यावर काम थांबवून ‘आधी पशुवैद्यकाला दाखवा’ म्हणायला हवे होते, हे खरे आहे. पण त्या शनिवारी नोंदवहीत नऊ कुत्री होती असे तुम्हीच लिहिले आहे. तुमच्या मागे दोन पिंजऱ्यांतली कुत्री ओली होती आणि समोर एक ग्राहक घड्याळ पाहत बसले होते. कानाला सूज असेल तर काम थांबवायचे, हा नियम पार्लरने आधी ठरवून भिंतीवर लावलेला नसेल, तर तेवढ्या धावपळीत चोवीस वर्षांच्या मुलीने तो एकटीने ठरवावा आणि मालकीण व ग्राहक अशा दोघांचाही रोष पत्करावा, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही.

मालकीणबाईंना मी दुष्ट ठरवत नाही. तुम्ही लिहिले आहे की त्यांच्या स्वतःच्या हातांवर असे पुष्कळ व्रण आहेत आणि त्या ते कौतुकाने दाखवतात. या कामात हे सर्रास दिसते आणि त्यात मीही सामील होते, म्हणून एक प्रसंग सांगते. माझ्याकडे एक मदतनीस होता, कुत्रा धरण्यात अतिशय वाकबगार. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे की याच्या हाताला गुण आहे, याला कुत्रे कधी चावत नाही. एका दुपारी त्याने पाण्याची बादली डाव्या हाताने उचललेली पाहून मी त्याची उजवी बाही वर करायला लावली. मनगटाच्या वर रुमाल बांधलेला होता आणि खाली चार दिवसांची, पू धरलेली जखम होती. एका पामेरियनने चावा घेतला होता. लस नाही, काही नाही. मी चिडून विचारले, ‘सांगितलं का नाही?’ तो खाली मान घालून म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही सगळ्यांना सांगता ना, मला कुत्रं चावत नाही म्हणून.’ तो बरा झाला. पण त्याला गप्प मी केले होते, हे मी आजतागायत विसरलेले नाही. चावणे ही नामुष्की मानली की चावे थांबत नाहीत, ते बाहीखाली जातात.

म्हणून माझे पहिले सांगणे असे आहे की तुमच्या पार्लरमध्ये एक वही सुरू व्हावी. साधी, दोनशे पानी. तारीख, वेळ, कुत्र्याचे नाव आणि जात, त्या वेळी काय चालले होते, जखम कुठे झाली, रेबीज लशीची पुस्तिकेतली तारीख, आणि दवाखान्यातल्या केस पेपरचा क्रमांक. ‘नुसता दात लागला’ तेही लिहायचे. सहा महिन्यांनी ती वही चाळली की कोणत्या कामात, कोणत्या वेळी, कोणत्या कुत्र्याकडून इजा होते हे कोणी न सांगता दिसू लागते: नखे कापताना, गुंता झालेले केस ओढताना, दिवसाच्या शेवटच्या दोन तासांत. तीन आठवड्यांपूर्वीची तुमची घटना त्या वहीतली पहिली नोंद असू द्या. पार्लर वही ठेवायला तयार नसेल तर तुम्ही तुमच्यापुरती ठेवा, जखमेचे फोटो आणि केस पेपर जपून ठेवा.

या नोंदींचा उपयोग कायद्याच्या बाजूनेही होतो. कामावर असताना, कामामुळे झालेल्या इजेची जबाबदारी मालकावर असते, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून आहे. २००९ च्या दुरुस्तीने उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही त्यात आला आणि आता हा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. कापलेल्या दोन दिवसांच्या पगाराबाबत मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही, कारण इतक्या थोड्या दिवसांच्या रजेला त्या कायद्यातून भरपाई मिळत नसे. उपचाराचा खर्च आणि अंगठ्यात कायमचा दोष राहिलाच तर त्याची भरपाई, या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. तुमच्या पार्लरला काय लागू होते हे विचारण्यासाठी वकिलाची फी जमवायची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात त्याची चौकशी करा. कुत्र्याच्या मालकांविरुद्ध पोलिसांत जाण्याचा विचार तुमच्या मनात डोकावला आहे. प्राण्याबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, हे खरे. परंतु तो कुत्रा याआधी कोणाला चावला होता आणि त्यांनी ते लपवले, असे काही तुमच्या पत्रातून दिसत नाही, म्हणून या घटनेत मी तो मार्ग सुचवणार नाही.

त्या घरच्यांना खरे सांगणे मात्र आवश्यक आहे. ‘दात लागला’ म्हटल्यामुळे त्यांना दोन गोष्टी कळलेल्याच नाहीत: त्यांच्या कुत्र्याचा कान दुखतो आहे आणि दुखल्यावर तो रक्त येईपर्यंत चावतो. घरात लहान मूल असेल तर पुढचा हात त्याचा असेल. दुसऱ्या पार्लरमध्ये गेला तर तिथल्या मुलीचा. तक्रारीच्या सुरात सांगायची गरज नाही. ‘त्या दिवशी त्याच्या कानाला वास येत होता आणि हात लावू देत नव्हता, मला चांगलाच चावला, आधी डॉक्टरांना दाखवून कान बरा करून घ्या, मगच आपण अंघोळ आणि कटिंग करू’ एवढे पुरे. कुत्र्यावर जीव असलेले माणूस हे ऐकून रागावत नाही. आणि रागावलेच, तर तो ग्राहक गेल्याने पार्लरचे काही बिघडत नाही.

‘तो तुला ओळखतो, तूच कर’ यावर माझे उत्तर असे की सध्या नाही. कुत्रा तुम्हाला ओळखतो हे खरे, पण कानाला झालेल्या दुखण्याशी जोडूनच आता ओळखतो. पशुवैद्यकाने कान बरा झाल्याचे सांगितल्यावर, दोन माणसांनी मिळून, मुसके घालून, कानाला हात न लावता नुसती अंघोळ, अशी सुरुवात कोणीतरी दुसऱ्याने करावी. मुसक्याचे नाव काढले की पार्लरवालेही कचरतात, ग्राहकांना वाईट वाटेल म्हणतात. कोळपणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसके बांधतात तेव्हा बैल वाईट आहे असे कोणाला वाटत नाही. पीक आणि तोंड जवळ आले, एवढाच त्याचा अर्थ असतो. जाळीदार, टोपलीसारखे मुसके घ्यावे, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापता येते आणि पाणीही पिता येते. त्याच्या आत बोटभर घट्ट दही लावून ते कुत्र्यासमोर धरावे आणि त्याला आपणहून नाक आत घालू द्यावे. दहा-बारा वेळा असे झाले की पट्टा बांधावा. घरच्यांनी आठवडाभर रोज पाच मिनिटे हे केले तर पार्लरमध्ये झटापट होत नाही. कापडाच्या पट्टीने तोंड बांधायचे झाले तर दोन-चार मिनिटांपुरतेच, आणि ड्रायर चालू असताना कधीच नाही, कारण तोंड बंद असलेल्या कुत्र्याला अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही. पग आणि शिह त्झू यांच्या चपट्या तोंडांना नेहमीचे मुसके बसत नाही, त्यांच्यासाठी वेगळे मिळते. आणि एखादा कुत्रा यातूनही घाबरत असेल, तर त्याचे ग्रूमिंग पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली गुंगी देऊन करावे. पार्लरमध्ये स्वतःच्या मनाने गुंगीचे औषध कधीही देऊ नये.

तुमच्यासारखेच काम करणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी इथेच सांगून ठेवते. बोर्डिंगमध्ये दोन कुत्री भिडली की हात पट्ट्याकडे जातो आणि चावा तिथेच बसतो. त्याऐवजी बादलीभर पाणी, मधे घालायला फळी किंवा जाड गोधडी हाताशी ठेवावी. आणि जे घरोघरी जाऊन ग्रूमिंग करतात, त्यांनी घरातल्या माणसाला दार लावून बाहेर जाऊ देऊ नये, मुसके घरच्यांकडूनच घालून घ्यावे आणि ‘आमचा अजिबात चावत नाही हो’ हे वाक्य ऐकल्यावर शांतपणे विचारावे की आजवर कोणावर गुरगुरला आहे का, आणि कशाच्या वेळी.

राहिला नोकरीचा प्रश्न. हाताच्या थरथरीवरून तुम्ही निर्णय घेऊ नये असे मला वाटते. चाव्यानंतर शरीर काही आठवडे सावध राहते. तो भित्रेपणा नसतो. पुढचे काही दिवस पिल्ले, ओळखीची म्हातारी कुत्री आणि नुसती अंघोळ असे काम मागून घ्या, कानाचे काम सर्वांत शेवटी पुन्हा हाती घ्या. महिन्याभरानंतरही झोपेत तो प्रसंग दिसत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी दूरध्वनी क्रमांकावर मराठीत बोलता येते, विनामूल्य. निर्णय मालकीणबाईंच्या वागण्यावरून घ्या. त्यांच्याशी दुपारच्या निवांत वेळी बसून बोला आणि चार गोष्टी मागा: सगळ्या मुलींसाठी लशीचे तीन डोस, चाव्यांची वही, आकाराप्रमाणे मुसक्यांचा एक संच, आणि कान किंवा कातडी दुखरी दिसली तर काम थांबवण्याची मोकळीक. यांतल्या एकदोन गोष्टी त्यांनी लगेच मान्य केल्या आणि बाकीच्यांना वेळ मागितला, तर मी म्हणेन, थांबा; त्यांचा अनुभव मोठा आहे आणि तुम्हाला शिकायचे पुष्कळ आहे. त्यांनी हसून विषय उडवला, किंवा पुढच्या चाव्यालाही ‘दात लागला’ म्हटले, तर दुसरी जागा शोधा, आणि तिथे मुलाखतीला गेल्यावर आधी हेच विचारा की कोणी चावले तर तुम्ही काय करता. पगाराची नड असेल तर नवीन जागा मिळाल्यावरच जुनी सोडा, यात कमीपणा नाही.

आईला सांगा. तुम्ही दिवसभर कुत्र्यांशी खेळता असे तिला वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. हे काम कशाशी खाल्ले जाते हे तिला कळलेलेच नाही. ‘सोडून दे’ असे ती पहिल्या दमात म्हणेल, त्याची तयारी ठेवा. लस सुरू झाली आहे, कुत्रा जिवंत आहे आणि अंगठा डॉक्टरांना दाखवते आहे, या तीन गोष्टी आधी सांगून मग बाकीचे सांगा, म्हणजे तिच्या काळजाचा ठोका चुकणार नाही.

तिसऱ्या डोसची तारीख तुम्ही मला कळवली आहे. मी दिनदर्शिकेत पाहिले, तो शनिवार आहे. त्या दिवशीच्या सकाळच्या सुट्टीचा अर्ज आजच लिहून द्या आणि त्यात कारण स्पष्ट लिहा: कामावर कुत्रा चावल्यामुळे घ्यावी लागणारी रेबीजची लस.